तंबू आणि ताडपत्री



गेल्या जानेवारीतील एका शनिवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. तेवढ्यात दोन सायकली फाटकातून आत आल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना फुगलेल्या पिशव्या, कॅरिअरवर गुंडाळी, हँडलला पाण्याच्या बाटल्या. पुण्याचे एक जोडपे होते. पतीने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. उंबरगावहून झाई, बोर्डी, घोलवड करीत ते समुद्राच्या कडेकडेने आले होते आणि थेट सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणार होते. "फादर, एका रात्रीपुरता कोपऱ्यात तंबू टाकू का? सकाळी सहाला निघू," ते म्हणाले.

त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच आम्ही होकार दिला. आंब्याखालची जागा दाखवली, हॉलच्या न्हाणीघराची किल्ली दिली आणि रात्री आमच्याच टेबलावर त्यांना भात व बोंबलाचे कालवण वाढले. तुमच्यापैकी काही जण त्या संध्याकाळी कौतुकाने तंबूभोवती जमला होता, मुलांनी आत डोकावूनही पाहिले, हे तुम्हांला आठवत असेल.

जेवताना त्यांनी आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, त्याहून जास्त नाही. दुपारी सावली शोधायची आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामाची जागा. बोर्डीच्या किनाऱ्यावर त्यांनी सुरूच्या बनात रात्र काढली होती. तिथे चूल पेटवली नाही, कारण सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर एका ठिणगीने पेट घेतो, हे एका मच्छीमाराने त्यांना बजावले होते. पुढचा रस्ता त्यांनी कागदावर काढून ठेवला होता. कोकणचा किनारा सलग नाही. खाड्यांनी तो जागोजागी तोडला आहे. सायकल बोटीत घालून आगरदांड्याहून दिघी, वेश्वीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड असे पार व्हायचे. काशीद-मुरूडच्या मागे फणसाडचे अभयारण्य लागेल, तिथे आत तंबू टाकायचा नाही, गावात कोणाच्या तरी अंगणात विचारायचे. "रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभे राहून विचारावे लागते," बाई म्हणाल्या. "पहिले तीन दिवस जीभच उचलत नव्हती. घरी आम्ही देणारे असतो, मागणारे कधी नसतो."

हे वाक्य आमच्या मनात राहिले. मोटारीतून जाणाऱ्याला सहसा कोणाकडे काही मागावे लागत नाही. सायकलवरच्या माणसाला पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, चढावर थांबावे लागते. इव्हान इलिच हे एके काळी कॅथलिक धर्मगुरू होते. ऊर्जा आणि समता यांचा संबंध दाखवणारे त्यांचे छोटे पुस्तक 1974 साली इंग्रजीत आले. त्यात त्यांनी सायकलची बाजू मोठ्या आस्थेने मांडली आहे. सायकलवरचा माणूस पायी चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि तरीही शक्ती मात्र कमी खर्च करतो. ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. सायकल ही मर्यादा ओलांडत नाही, कोणाला रस्त्याबाहेर ढकलत नाही. त्या जोडप्याचे कौतुक करण्यात आमचे काही चुकले, असे आम्हांला आजही वाटत नाही.

रविवारी पहाटे ते निघून गेले. तंबू होता तिथे गवत तेवढे दबलेले होते, कागदाचा कपटाही मागे नव्हता. सकाळच्या मिस्सेनंतर चर्चची देखभाल करणारे आमचे सहकारी आमच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "फादर, त्यांना राहू दिलंत ते बरं केलंत. पण मग दिवाळीनंतरच्या त्या माणसांना आपण का नाही म्हटलं?"

आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. ती गोष्ट तुमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरची चार जोडपी, त्यांची मुले, पातेली, गोधड्या आणि एक कोंबडी, असा तो मेळा संध्याकाळी आपल्या फाटकाशी येऊन थांबला होता. वीटभट्टीवर न्यायला मुकादमाचा ट्रक यायचा होता. तो आता सकाळीच येणार असा निरोप होता. अवकाळी पाऊस सुरू झाला. त्यांनी कुंपणाच्या भिंतीला आतल्या बाजूने निळी ताडपत्री बांधायला घेतली. आम्ही निरोप पाठवला, की इथे थांबता येणार नाही, स्टेशनच्या छपराखाली जा. उद्या रविवार आहे, लोक मिस्सेला येतील, आवार घाण होईल, शौचालयाचे काय, काही चोरीला गेले तर, आणि आज यांना हो म्हटले तर उद्या आणखी येतील, अशी कारणे आम्ही मनाशी जुळवली होती. ते काही न बोलता उठले. ताडपत्री सोडली, मुलांच्या डोक्यावर धरली आणि गेले.

आता यांतील एकेक कारण सायकलवाल्यांना लावून पाहा. तेही शनिवारीच आले होते. दुसऱ्या दिवशी रविवारच होता. त्यांनाही शौचालय लागणार होते. आम्ही त्यांनाही ओळखत नव्हतो. आणि एकाला हो म्हटले की आणखी सायकलवाले येऊ शकतातच. म्हणजे जी कारणे आम्ही दिली ती खरी कारणे नव्हती. दोन्ही वेळा मागणी एकच होती: एका रात्रीपुरती, एका कापडाखाली, जमिनीचा एक तुकडा. एका कापडाला आम्ही तंबू म्हटले, दुसऱ्याला ताडपत्री.

फरक कुठे होता? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एक उत्तर चटकन सुचते. ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे, की स्तुती आणि निंदा या स्वेच्छेने केलेल्या कृतीलाच लागू होतात. सायकलवाल्यांनी साधेपणा निवडला. घरी पलंग असताना ते जमिनीवर झोपले. म्हणून त्यांची स्तुती. भट्टीवर निघालेल्यांनी काहीच निवडले नव्हते. भात कापून झाले होते, घरात आगोटीपर्यंत पुरेल इतके धान्य नव्हते, मुकादमाकडून उचल घेऊन ती आधीच खर्च झाली होती. आता ती अंगमेहनतीने फेडायची होती. जे नाइलाजाने घडते त्याची स्तुती कशी करणार?

हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. सायकलवाल्यांचे कौतुक का करावे, एवढेच तो सांगतो. दुसऱ्यांना फाटकाबाहेर का काढावे, हे तो सांगत नाही. कौतुक कृतीला मिळते, आसरा गरजेला मिळायला हवा. आम्ही या दोहोंची गल्लत केली. आसरा जणू बक्षीस आहे असे समजून ज्याने ते कमावले असे आम्हांला वाटले, त्याला ते दिले. आणि गंमत अशी, की ज्यांना आसऱ्याची गरज कमी होती त्यांनाच तो मिळाला. त्यांच्या खिशात पैसे होते. डहाणूत लॉज आहेत. दुसऱ्यांना मात्र खरोखर कुठे जायला जागा नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी लिहिताना म्हटले आहे, की आत्यंतिक गरजेच्या वेळी सगळ्या वस्तू सर्वांच्या होतात. ज्याच्याजवळ जास्त आहे त्याच्या त्या जास्तीवर गरजवंताचा नैसर्गिक हक्क असतो. म्हणजे पावसात भिजणारे मूल आपल्या व्हरांड्याकडे दान मागायला आलेले नसते, तो व्हरांडा त्या रात्रीपुरता काहीसा त्याचाच असतो. हे आम्ही परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते.

जोडप्याने समुद्राकाठचा प्रवास करणे आपल्या भागाला नवे नाही, हेही यानिमित्ताने ध्यानात आले. आपल्या तालुक्यांतील कितीतरी आदिवासी पुरुष वेरावळ, पोरबंदर, ओखा येथे बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांतील काहींना सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. भट्टीवर नवरा-बायको बरोबरच जातात, कारण एकाने माती मळायची आणि दुसऱ्याने विटा वाहायच्या, असे ते काम आहे. मराठवाड्यात उसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तर 'कोयता' असे एका हत्याराचेच नाव पडले आहे. आपण ज्या विवाहसंस्काराला पवित्र मानतो, त्यातील दोन माणसे मुकादमाच्या वहीत एक हत्यार म्हणून मोजली जातात.

अमेरिकेतील वर्कमन दांपत्य, फॅनी आणि विल्यम, 1897 च्या अखेरीस पूर्वेकडे निघाले आणि पुढील अडीच वर्षांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन, जावा असा सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास त्यांनी केला, त्यातला बराचसा सायकलवर. कधी कधी त्यांना रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये झोपावे लागले, दिवसाला चाळीस-चाळीस पंक्चर काढावी लागली. बाईंची जिद्द खरोखर मोठी. पुढे 1912 साली सियाचिनच्या हिमनदीवर त्यांनी स्त्रियांना मताचा हक्क मागणारे वर्तमानपत्र हाती धरून छायाचित्र काढून घेतले. पण 1904 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथात मंदिरे आणि शिल्पे ठळक आहेत, त्या काळची जिवंत माणसे फिकी. सायकल माणसाला दिसेल इतक्या हळू नेते हे खरे, पण पाहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. मग आम्ही तर जागेवरच होतो. फाटकाशी उभी असलेली माणसे न दिसण्याइतका आम्हांला कोणता वेग होता?

कोणी म्हणेल, मग फादर, असे सायकलप्रवास म्हणजे सुखवस्तू माणसांची हौसच ना? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन व्हेल शाळेतली नोकरी रजेवर ठेवून 1934 च्या डिसेंबरात पॅरिसच्या कारखान्यात मजूर म्हणून गेल्या. कष्टकऱ्यांचे जिणे त्यांना आतून जाणायचे होते. पण त्यांच्याजवळ परत जायला शाळा होती, आणि शेजारच्या यंत्रावरच्या बाईजवळ ती नव्हती. तंबू आणि ताडपत्री यांतला खरा फरक हाच आहे. एकीकडे परतीची वाट उघडी असते, दुसरीकडे नसते. एवढ्याने स्वेच्छेचे कष्ट खोटे ठरत नाहीत. ते करणाऱ्याने हा फरक विसरू नये, इतकेच. ज्या बाईंनी दारात उभे राहून मागताना जीभ अडखळल्याचे सांगितले, त्यांना तो फरक थोडा तरी कळला होता. आम्हांला तो त्यांच्यामुळे कळला, म्हणून त्यांचे आभारच मानायला हवेत.

तंबूचा विषय निघाला म्हणून एका जोडप्याचे स्मरण करून देतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अक्विला आणि प्रिस्किल्ला भेटतात. त्यांचा धंदाच तंबू करण्याचा होता. ते करिंथला सहलीला आले नव्हते. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोमबाहेर काढले, म्हणून त्यांना घर सोडावे लागले होते. संत पौल त्यांच्याकडे राहिला, त्यांच्याबरोबर काम केले. पुढे त्यांच्याच घरी ख्रिस्तसभा जमू लागली. ज्यांना हाकलले होते त्यांनीच पहिल्यांदा दार उघडले. आपले चर्च अशा माणसांच्या घरात वाढले आहे, आणि त्याच चर्चच्या फाटकावरून आम्ही माणसे परत पाठवली.

हे सर्व लिहिण्याचे कारण केवळ मन मोकळे करणे हे नाही. त्या चार जोडप्यांची आम्ही नंतर चौकशी केली. ती कोणत्या भट्टीवर गेली, हे कळले नाही. त्यांची क्षमा मागण्याची संधी बहुधा मिळणार नाही. पण येत्या दिवाळीनंतर पुन्हा ट्रक येतील आणि पुन्हा माणसे रस्त्याकडेला थांबतील. म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही एक विचार ठेवला आणि त्यांनी तो मान्य केला. दिवाळी ते होळी या काळात हॉलचा मागचा व्हरांडा रात्री उघडा राहील. नळ चालू असेल, दिवा असेल, शौचालयाची किल्ली बाहेरच्या खिळ्यावर असेल. प्रत्येक विभागातून दोन माणसांनी आळीपाळीने रात्री नऊ वाजता एक फेरी मारावी, लहान मुले असतील तर दूध-बिस्किटांचे पाहावे.

रविवारी सकाळी आवार झाडावे लागेल, कदाचित काही कुरबुरी होतील, एखादी बादली नाहीशीही होईल. ज्यांना हा निर्णय पसंत नाही त्यांनी मिस्सेनंतर अवश्य येऊन बोलावे; त्यांच्या शंका आमच्या त्या संध्याकाळच्या शंकांहून वेगळ्या नसतील, तेव्हा आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्यांना आळीपाळीत नाव द्यायचे आहे त्यांनी पुढील रविवारपर्यंत ऑफिसात द्यावे. पहिल्या फेरीला आम्ही स्वतः आहोत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू