विद्राव्यता आणि अद्वैत

एका पदार्थाचे कण दुसऱ्या पदार्थात रेणूंच्या किंवा आयनांच्या पातळीवर सर्वत्र सारखे पसरले, म्हणजे जे एकजिनसी मिश्रण तयार होते त्याला रसायनशास्त्रात द्रावण म्हणतात. त्यात विरघळणारा पदार्थ तो द्राव्य आणि विरघळविणारा तो द्रावक. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात पाण्यात विरलेले मीठ दिसत नाही, पण चाखावे तेथे खारटपणा लागतो, हे उद्दालक आरुणी श्वेतकेतूला अनुभवावयास लावतो आणि सत् तत्त्वाची सर्वव्यापकता शिकवितो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला असाच दृष्टांत देतो. तेथे भर आहे तो विरलेला खडा पुन्हा उचलून घेता येत नाही यावर.

परतवाड्याच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील लोकांना पहिल्या दृष्टांताचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. तेथील विहिरीचे पाणी निर्मळ दिसते, पण त्यातला क्षार जिभेला कळतो आणि पिकांनाही भोवतो.

दुसरा दृष्टांत मात्र रसायनशास्त्राच्या कसोटीवर अपुरा पडतो. मीठ विरघळते तेव्हा सोडियम व क्लोराइडचे आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, ते पाणी होत नाहीत. पाणी आटविले की स्फटिक पुन्हा मिळतात. शिवाय 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅमच मीठ मावते; त्यापुढे द्रावण संपृक्त होते, म्हणजे अधिक मीठ सामावून घेत नाही. ब्रह्माला, म्हणजे त्याच सत् तत्त्वाला, अशी मर्यादा जीव व ब्रह्म एकच मानणारे अद्वैती मानत नाहीत.

म्हणूनच जीव व परमेश्वर यांच्या ऐक्याविषयी वऱ्हाडातील दोन परंपरांचा असलेला मतभेद या दृष्टांताने मिटत नाही. रिद्धपूर ज्यांचे महास्थान आहे त्या महानुभाव पंथात जीव मोक्षातही परमेश्वराहून भिन्नच राहतो; माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) यांच्या मधुराद्वैतात मात्र अद्वैतातही भक्तीचे माधुर्य उरते. आकार गेला तरी गुण टिकतो, एवढ्यापुरते द्रावण दोघांनाही सोयीचे आहे. ऐक्य आहे की निकट सहवास, हे ते ठरवू शकत नाही. दृष्टांत हा प्रमाणाची जागा घेत नाही, तो केवळ समजुतीची वाट दाखवितो; त्याला त्याच्या मर्यादेत ठेवणे हाच शास्त्राचा आणि श्रद्धेचा समान आदर आहे.