दूरच्या घराचे देणे

15 नोव्हेंबर 1971 पासून भारतात पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी 5 पैशांचे एक तिकीट चिकटवावे लागू लागले. पूर्व बंगालमधून सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची संख्या तेव्हा 1 कोटीच्या घरात पोहोचली होती. त्यांच्या अन्नवस्त्राचा थोडा भार साताऱ्याहून नागपूरला ख्यालीखुशाली कळवणाऱ्यानेही उचलावा, असा त्यामागचा विचार होता. त्याच महिन्यात ऑक्सफर्डमध्ये पीटर सिंगर हा 25 वर्षांचा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ याच निर्वासितांना समोर ठेवून एक निबंध लिहीत होता. 1972 साली तो प्रसिद्ध झाला आणि परदेशातल्या अनोळखी माणसाला मदत करण्याविषयीचा तात्त्विक वाद पुढे बराचसा त्याच्याभोवतीच फिरत राहिला.

सिंगरचे म्हणणे साधे आहे. उथळ तळ्यात एक मूल बुडते आहे आणि वाटेने जाणाऱ्याला ते दिसते. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तो पुढे निघून गेला, तर त्याला कोणी माफ करणार नाही. मग तेच मूल हजारो मैल दूर असले तर कर्तव्य कमी का व्हावे? अंतराने मुलाचे मरण हलके होत नाही. सिंगरने आकडेही दिले होते. निर्वासितांसाठी ब्रिटनने तोवर 1 कोटी 47 लाख 50 हजार पौंड दिले होते. काँकॉर्ड विमानाच्या उभारणीतला जो खर्च कधीच वसूल होणार नव्हता, त्यातला ब्रिटनचा वाटा मात्र 27.5 कोटी पौंडांच्या वर गेला होता.

गेल्या पन्नास वर्षांत या युक्तिवादावर पुष्कळ आक्षेप आले, पण त्याचा गाभा कोणाला हलवता आलेला नाही. तरीही तळ्याच्या दृष्टांतात एक गोष्ट आयती गृहीत धरली आहे. तळ्याकाठी काय करायचे हे सर्वांनाच ठाऊक असते: पाण्यात उतरायचे, मुलाला बाहेर काढायचे. दूर देशातल्या अडचणीतल्या कुटुंबाचे तसे नसते. त्या घरात उपासमार आहे की कर्ज, आजारपण आहे की बुडालेले पीक, आणि आलेला पैसा नेमका कोणाच्या हाती पडेल, यातले काहीच काठावरून दिसत नाही. अंतरामुळे कर्तव्य कमी होत नाही हे खरे, पण माहिती कमी होते. आणि मदत जिथे जिथे वाया गेली, तिथे बहुधा या माहितीच्या अभावानेच गेली.

सिंगर लिहीत होता त्याच वर्षी, त्याच निर्वासितांमध्ये, सीमेजवळच्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. छावण्यांत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि पेले रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आईने मुलाला पाजायचे, भावाने भावाला पाजायचे. छावण्यांत पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण काही ठिकाणी 30 टक्क्यांपर्यंत गेले होते. महालनबीसांच्या देखरेखीखाली ते 4 टक्क्यांच्याही खाली आले. परदेशातून पैसा आणि माणसे यायला हवीच होती, त्यात सिंगरचे काहीच चुकले नव्हते. पण त्या पैशाचे काय करायचे, हे जमिनीवर बसून रोग्याकडे पाहणाऱ्याला कळले. शिवाय उपचार कुटुंबाच्याच हाती सोपवण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती उपचार देणे त्या काळी अनेकांना धोक्याचे वाटत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धैर्याची किंमत कळते.

धर्मग्रंथांनी दानाचा विचार पुष्कळ केला आहे. गीतेच्या 17व्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला आणि परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक. इस्लाममध्ये जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार आहेत, आणि त्यांत गरिबांबरोबर कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडकलेला प्रवासीही येतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू आचार्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत वरच्या पायरीवर त्याने भिक्षा ठेवली नाही. तिथे त्याने कर्ज, भागीदारी किंवा काम मिळवून देणे ठेवले, म्हणजे त्या माणसावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये.

या सगळ्या चर्चेत योग्यतेची परीक्षा बहुतेक वेळा घेणाऱ्याची होते. तो खरोखर गरीब आहे का? पैसा दारूत तर घालवणार नाही? पण घेणारा समुद्रापार असेल तेव्हा अज्ञान बहुतेक देणाऱ्याच्या बाजूला असते, आणि परीक्षा खरे तर त्याची व्हायला हवी. महाभारतातल्या अश्वमेधिक पर्वातली मुंगसाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. युधिष्ठिराच्या यज्ञात अर्ध्या सोनेरी अंगाचे मुंगूस येते आणि सांगते, की दुष्काळात कुरुक्षेत्रातल्या एका उपाशी कुटुंबाने आपले चिमूटभर सातू अतिथीला दिले, त्याची सर या यज्ञाला नाही. ही कथा त्यागाचा महिमा म्हणून सांगितली जाते. त्यात आणखी एक गोष्ट आहे: गरीब घर तिथे देणारे आहे. कोणाला काय हवे हे त्या घराला कळते आणि निर्णयही तेच घेते. मदत करणाऱ्यांच्या मनातून गरीब घराची ही बाजू फार लवकर पुसली जाते.

ती पुसली गेली की काय होते, हे 2004च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात दिसले. जगभरातून सुमारे 4,000 टन औषधे तिथे येऊन पडली. बरीचशी स्थानिक यादीत नसलेली होती आणि अनेकांवरची माहिती तिथल्या डॉक्टरांना न वाचता येणाऱ्या भाषांत होती. त्यांतली सुमारे 600 टन औषधे नष्ट करावी लागली आणि त्यासाठी वेगळा खर्च आला. पाठवणाऱ्यांची कणव खोटी नव्हती. विचारणे तेवढे राहून गेले होते.

महाराष्ट्राला याची घेणाऱ्याच्या बाजूने आठवण आहे. 1972च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो रेशनवर मिळत होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांनी ती भुकेपोटी खाल्ली, आणि त्या पिढीतली माणसे तिची चव आजही नाखुशीनेच सांगतात. त्या धान्याने जीव वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावे मागत होती ते काम. खडी फोडायची, बांध घालायचे, तलाव खणायचे आणि रोज घ्यायचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले आणि 1979 पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हा त्याचा पाया. मागणाऱ्याने काय मागितले आहे हे ऐकून उभी राहिलेली मदत म्हणून ती आजही अभ्यासली जाते.

एका कुटुंबाला एका कुटुंबाने केलेल्या मदतीचे उदाहरणही मराठी घरांना ठाऊक आहे. 1878 साली गोपाळराव जोशींनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. रॉयल वाइल्डर यांनी तो आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापला आणि उत्तरात ख्रिस्ताचा स्वीकार करण्याची अपेक्षा उघड ठेवली. 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या हाती तो अंक दंतवैद्याकडे बसल्या असताना पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. दोघींचा पत्रव्यवहार पुढे जवळपास तीन वर्षे चालला. मध्ये आनंदीबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. इतक्या लांबून दुखणे ओळखता येत नाही, प्रेम असले तरी. पण काय शिकायचे, कशासाठी शिकायचे आणि कोणत्या धर्मात राहून शिकायचे, हे प्रश्न आनंदीबाईंचे होते आणि ते त्यांच्याकडेच राहिले. 1883 साली त्या न्यूयॉर्कला उतरल्या, 1886च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातल्या नेमणुकीवर त्यांना रुजूही होता आले नाही.

ही मदत परिणामकारक होती का? किती रुग्ण बरे झाले, असे मोजायला बसले तर उत्तर शून्य येईल. सिंगरच्या मार्गाने जाणारे अनेक जण असे मोजतात, आणि कोटभर निर्वासितांच्या बाबतीत तसे मोजलेच पाहिजे, कारण तिथे चुकीच्या औषधाची किंमत हजारो माणसे चुकवतात. पण एका माणसाला केलेल्या मदतीचा सगळा अर्थ फळाच्या हिशेबात मावत नाही. परतफेडीची आशा न धरता द्यावे, असे गीता म्हणते, तेव्हा ती परिणामाकडे डोळेझाक करायला सांगत नाही. घेणाऱ्याच्या आयुष्यावर देणाऱ्याचा हक्क राहत नाही, एवढे मात्र त्यातून निघते. कार्पेंटरबाईंनी तो हक्क कधी मागितला नाही.

आजच्या काळात हा विचार सर्वांत धीटपणे पश्चिम केनियात तपासला गेला. 2007 साली तिथे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ‘एम-पेसा’ सेवा सुरू झाली, आणि तिच्या आधाराने ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था गवती छपराच्या घरांना थेट रोख रक्कम पाठवू लागली. हे घ्या, ते घेऊ नका, अशी कोणतीही अट नाही. रारिएडा भागातल्या घरांचा हाउसहोफर आणि शपिरो या संशोधकांनी अभ्यास केला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. अनेकांनी गुरे घेतली, अनेकांनी छपरावर पत्रे घातले. बाहेरून पाहणाऱ्याला पत्रे ही चैन वाटेल. पण ज्याला गवताचे घर वारंवार शाकारावे लागते, त्याला त्या खर्चाचा आणि पावसात गळणाऱ्या रात्रींचा हिशेब माहीत असतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्यांना एकरकमी पैसे मिळाले त्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, ज्यांना महिन्याला थोडे थोडे मिळाले त्यांच्याकडे अन्नाची चणचण अधिक कमी झाली. म्हणजे परदेशातल्या ओळखीच्या घराला पैसे पाठवणाऱ्यानेही आधी हे विचारायला हवे: सध्या नड रोजच्या चुलीची आहे, की एकदाच मोठी रक्कम हवी असलेल्या कर्जाची, छपराची किंवा फीची?

एकाच घराला का द्यायचे, शेजाऱ्याने काय पाप केले, हा प्रश्नही खरा आहे आणि नैतिक दृष्ट्या तो टाळता येत नाही. केनियातल्याच सियाया भागातल्या 653 गावांत 10,500 हून अधिक कुटुंबांना सुमारे 1,000 डॉलर दिले गेले, तेव्हा संशोधकांनी न घेणाऱ्यांकडेही पाहिले. पैसा सुताराकडे, दुकानदाराकडे, शेजारच्या शेतमजुराकडे फिरला. दिलेल्या 1 डॉलरमागे त्या भागाच्या अर्थव्यवहारात सुमारे 2.5 डॉलरची भर पडली आणि महागाई नावापुरतीच वाढली. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींनीही वाणी, गवंडी आणि शाळा जगवल्या होत्या. फॉर्मवर संदेशाला जागा जेमतेम दोन ओळींची असे, आणि पैसा कसा वापरायचा हे गावाकडची बायको किंवा आई ठरवी.

पैशाने सगळे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या गावात दवाखानाच नाही तिथे रोख रक्कम घेऊन कुटुंब जाणार कुठे? लस, रस्ता, शिक्षक या गोष्टी एकट्या घराला विकत आणता येत नाहीत, त्या सगळ्यांनी मिळून उभ्या कराव्या लागतात. तिथे बाहेरच्या संस्थेची, सरकारची आणि त्या त्या विषयातल्या जाणकाराची गरज राहतेच. महालनबीसांचे पाणी कुटुंबांनी पाजले खरे, पण त्यात मीठ किती आणि ग्लुकोज किती हे कुटुंबांना ठाऊक नव्हते.

केनियातलाच होमा बे परगणा या सगळ्या विचाराला एक अवघड वळण देतो. तिथे 2015-16 च्या सुमारास जवळपास 45 टक्के घरांनी फुकट मिळणारे पैसे घ्यायला नकार दिला. हा पैसा सैतानाच्या उपासकांचा आहे, तो घेतला तर घरावर अरिष्ट येईल, अशी बोलवा पसरली होती. दूरवर बसलेल्याला हे अज्ञान वाटेल. पण जिथे शंभर वर्षे शाळा आणि दवाखाने बहुतेक धर्मप्रचाराच्या सोबत आले, तिथे कोणी अनोळखी माणूस काहीही न मागता वर्षभराच्या कमाईएवढी रक्कम देतो, यावर संशय येणे हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. संस्थेने नकाराचे हे प्रमाण स्वतःच जाहीर केले आणि गावातल्या जाणत्या माणसांशी बोलायला सुरुवात केली. आचेच्या बंदरात औषधे उतरत होती तेव्हा ‘नको’ म्हणण्याची सोय तिथल्या कुटुंबांना कोणीच ठेवली नव्हती. होमा बेच्या घरांना ती होती, आणि निम्म्याच्या आसपास घरांनी ती वापरली.