नावातला 'मर'

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका कुटुंबातील कन्येच्या स्नानसंस्काराची तयारी चालली होती. आईवडिलांनी 'मरिया' हे नाव निश्चित केले होते. बाळाच्या आईची आई जवळच्या खेड्यातली, हिंदू. सारे ऐकून घेऊन ती म्हणाली, "फादर, नावातच 'मर' हाये. लेकराले असं नाव कायले ठेवता?" तिच्या कानी त्या नावात मरण होते, आणि गावाच्या शिवेवरची पटकीची मरीमायही. आम्ही हसून उत्तर देणार होतो. परंतु उत्तर वाटले तितके सोपे नव्हते.

मरिया हे हिब्रू 'मिर्याम'चे ग्रीक-लॅटिन वळण. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांचे आजही एकमत नाही. कोणी 'कडवटपणा' म्हणतो, कोणी 'बंड', तर कोणी प्राचीन मिसरी भाषेतील 'प्रिय' या शब्दाशी त्याचे नाते जोडतो. संत जेरोमने 'सागराचा थेंब' असा अर्थ दिला होता. लॅटिनमध्ये थेंब आणि तारा या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर. नकलकारांच्या हातून थेंबाचा तारा झाला, असे मानले जाते. ज्या समुद्रतारकेला आपण आळवतो, ती अशी उगवली!

लोकप्रियतेचेही तसेच. जुन्या आयर्लंडमध्ये हे नाव इतके पवित्र, की ते लेकींना सहसा ठेवीत नसत. 'मरियेचा सेवक' या अर्थाचे नाव मात्र चाले. उलट अमेरिकेच्या सरकारी नोंदींत १८८० पासून १९४६ पर्यंत दरवर्षी मुलींच्या नावांत 'मेरी' पहिली. २००९ साली ती पहिल्या शंभरांतूनही गळाली. पवित्र मातेचे माहात्म्य यामुळे तसूभरही वाढले-घटले नाही. मग नावाचा आग्रह आपण नेमका कोणासाठी धरतो?

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांना 'मेरी रमा' हे नाव मिळाले. महाराष्ट्राने मात्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही त्या रमाबाईच राहिल्या.

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार पालकांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूने त्याला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असा नियम होता. १९८३ च्या संहितेत नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा उरली. आमची गुरुदीक्षा त्यानंतरची. तरीही तरुणपणीच्या उत्साहात एका बालिकेच्या नावापुढे, पालकांना न विचारता, आम्ही 'मरिया' लिहून टाकले. पंचवीसएक वर्षांनी तीच मुलगी लग्नासाठी काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आमच्याकडे आली. "फादर, ही मरिया कोण? या नावानं मला कधी कुणी हाकच मारली नाही." तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. आम्ही जे भक्ती म्हणून लिहिले, ते दुसऱ्याच्या आयुष्यावर केलेले अतिक्रमण होते.

बुटीबोरीच्या आजीपुढे म्हणूनच आम्ही व्युत्पत्तीची पोथी उघडली नाही. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातली, समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन नाचणारी मोशेची बहीण मिर्याम तेवढी सांगितली. नाव तेच, उच्चार जुना. निर्णय आईवडिलांवर सोडला. त्यांनी आजीकडे पाहिले. तिने दोनतीनदा ते नाव जिभेवर घोळवले आणि म्हणाली, "मिरू म्हनता येते."

संस्काराच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती. मस्तकावर पाणी पडताच बाळाने टाहो फोडला, आणि मागून आवाज आला, "उगी मिरू, उगी."