ईयोबाचे मित्र आणि आमचा शुक्रवारचा गट

आजचा वचनभाग: ईयोब २:११-१३ आणि ४२:७-९
(आधी बायबल उघडून हा भाग वाचा, मग खालचं मनन.)



आपल्या रोजच्या वाचनात आज ईयोबाचं पुस्तक संपतंय. खरं सांगतो, हे मनन मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा लॅपटॉप बंद केला. कारण या पुस्तकात मला माझा चेहरा ईयोबात दिसत नाही. तो दिसतो त्याच्या मित्रांमध्ये: अलीफज, बिल्दद आणि सोफर.

आज एकच प्रश्न घेऊ. आपण मोठी माणसं एकत्र बसून वचनाचा अभ्यास करतो, तेव्हा देव आपल्याला अधिक कळतो, की आपण सगळे मिळून आपल्या सोयीचा एक देव तयार करतो?

आमचा गट पुण्यात दर शुक्रवारी रात्री आठला भरतो. आठ-नऊ जण. आम्ही दोघं आयटीतले, एक जण बँकेत, एक दादा रिक्षा चालवतात, एक निवृत्त शिक्षिका आहेत ज्यांना सगळे काकू म्हणतात, आणि एक ताई हॉस्पिटलात नर्स आहेत. नाइट ड्यूटी असली की ताई अर्ध्यातून उठून जायच्या, पण शुक्रवार चुकवायच्या नाहीत. लग्नानंतर नऊ वर्षांनी, मागच्या वर्षी, त्यांना दिवस गेले. गटाने महिनोन् महिने त्या बाळासाठी प्रार्थना केली. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. (हे लिहायला ताईंनी परवानगी दिली आहे. पोस्ट टाकण्याआधी त्यांनी वाचलीही आहे.)

तीन आठवड्यांनी ताई गटात आल्या. त्या दिवशी अभ्यास मी घेत होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून मी यिर्मया २९:११ काढलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या वॉलपेपरवर ते असेल. देवाने आपलं भलंच योजलेलं आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. मी म्हणालो, "ताई, देवाची योजना असते. आज कळत नाही, पुढे कळेल." मग एकाने साक्ष दिली, की आमच्याकडेही आधी असंच झालं आणि नंतर दुप्पट आशीर्वाद मिळाला. दुसऱ्याने हळूच विचारलं, कुठे विश्वासात तर कमी पडलो नाही ना, हे प्रत्येकाने तपासावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ताईंनी चहा संपवला, कप बेसिनमध्ये नेऊन ठेवला आणि गेल्या. नंतर चार महिने आल्या नाहीत. एकच मेसेज आला: "मी प्रभूला सोडलेलं नाही. पण तुमच्या गटात जो देव आहे, त्याच्याशी मला बोलता येत नाही."

तुमच्या गटातला देव! हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

गटाने मला काय दिलं

आधी गटाच्या बाजूने बोलतो, कारण तेही खरं आहे. इंजिनीअरिंगला हॉस्टेलवर होतो तेव्हा मी एकटाच वाचायचो. ज्या वचनाने बरं वाटेल ते पिवळ्या रंगात हायलाइट. जे खटकेल ते स्क्रोल करून पुढे. अशा वाचनातून माझ्या मनात जो देव उभा राहिला तो नीट लिहिलेल्या प्रोग्रामसारखा होता. इनपुट बरोबर द्या, आउटपुट बरोबर येणार. प्रार्थना, उपवास, दशमांश, मग आशीर्वाद. आउटपुट चुकलं तर बग इनपुटमध्ये, म्हणजे माणसात.

या देवाला पहिला धक्का गटातच बसला. आम्ही मत्तय २० वाचत होतो, द्राक्षमळ्यातले मजूर. मालक सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला सारखीच मजुरी देतो. मी कायम सकाळच्या मजुरांच्या बाजूने. म्हटलं, हा सरळ अन्याय आहे, अप्रेझलमध्ये असं झालं तर मी राजीनामा देईन. सगळे हसले. रिक्षावाले दादा हसले नाहीत. म्हणाले, "पाच वाजेपर्यंत नुसतं उभं राहणं म्हणजे आराम वाटतो का तुला? दिवसभर स्टँडवर उभं राहून बघ. एक भाडं नाही. घरी काय नेऊ, एवढंच डोक्यात. त्या माणसांना कोणी कामावर घेतलंच नव्हतं, असं लिहिलंय बघ." लिहिलंच होतं, सातव्या वचनात. मी ते अनेकदा वाचलं होतं आणि एकदाही दिसलं नव्हतं. संध्याकाळी पाचलाही नाक्यावर कोण उरलंय हे बघायला परत येणारा देव मला एखाद्या पुस्तकातून नाही, दादांकडून कळला.

आणि मुळात वचन एकट्याने वाचायची सवयच नवी आहे. नव्या कराराची आज आपण वापरतो ती वचनांची विभागणी रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये केली. त्याआधी 'आजचं एक वचन' असं उचलून घेणं सोपं नव्हतं. पौलाची पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जायची. कलस्सै ४:१६ बघा, हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा, असं तो सांगतो. १ करिंथ ३:१६ मध्ये आपण देवाचं मंदिर आहोत असं म्हटलंय. तिथला 'तुम्ही' मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे, आणि मंदिर मात्र एकच. मराठीत गंमत अशी की 'तुम्ही' आदरार्थीही असतं. त्यामुळे आपण प्रत्येक जण ते स्वतःवर घेतो आणि शेजारचा गळून पडतो.

मग त्याच गटाने असं का केलं?

ताईंच्या मेसेजनंतर काकूंनी सुचवलं, "तू ते वचन काढलंस ना? मग आता पूर्ण वाचू. २७ पासून २९ पर्यंत." तीन शुक्रवार लागले.

जे वाचलं ते असं. बाबेलच्या राजाने यरुशलेमेहून लोकांना बंदिवान करून नेलंय, इ.स.पूर्व ५९७ चा सुमार. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होणार. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून तो मोडूनही टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! देव मात्र म्हणतो, मी याला पाठवलेलं नाही. मग एकोणतिसाव्या अध्यायात बंदिवानांना यिर्मयाचं पत्र जातं. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. दहाव्या वचनात ही सत्तर वर्षं आहेत आणि अकराव्यात आपलं लाडकं वचन. तिथलाही 'तुम्ही' अनेकवचनी, सगळ्या बंदिवान लोकांना उद्देशून.

काकू म्हणाल्या, "अरे, हे पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसं बाबेलातच गेली असणार. त्यांच्यासाठी या वचनाचा अर्थ काय होता?"

कोणी बोललं नाही. माझ्या लक्षात आलं, की मी यिर्मयाचं वचन हातात घेऊन हनन्याचं काम केलं होतं. ताईंना मी दोन वर्षांचं आश्वासन दिलं होतं, कारण सत्तर वर्षं त्यांच्याबरोबर बसायची माझी तयारी नव्हती.

बरोबर वाक्यं, तरीही चूक

आता ईयोबाच्या मित्रांकडे या. सुरुवातीला त्यांचा गट आदर्श आहे. तिघं तीन ठिकाणांहून ठरवून येतात, रडतात, डोक्यावर धूळ उडवतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. मग ईयोब मोकळेपणाने तक्रार करतो आणि यांचा धीर सुटतो. पुढचे कितीतरी अध्याय ते त्याला देव समजावून सांगतात.

ते खोटं बोलत होते का? मला हेच अवघड वाटतं. ईयोब ५:१३ मधलं अलीफजचं बोलणं पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये शास्त्रवचन म्हणून घेतलंय. म्हणजे वाक्यं वाईट नव्हती. तरी शेवटी परमेश्वर अलीफजला सांगतो, की माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब? ज्याने देवावर थेट आरोप केले तो?

पूर्ण पुस्तक सलग वाचलं तर एक फरक दिसतो. मित्र शेवटपर्यंत देवाविषयी बोलतात. देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मात्र बोलता बोलता देवाकडे वळतो, भांडतो, जाब विचारतो. सातव्या अध्यायात, दहाव्यात, तेराव्यात. त्याचा देव उत्तर देत नव्हता, पण तो समोर होता. मित्रांचा देव त्यांच्या बोलण्याचा विषय होता.

आमच्या गटात त्या शुक्रवारी हेच झालं होतं. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने दुजोरा दिला, तिसऱ्याने साक्ष जोडली. ऑफिसात कोड रिव्ह्यूला सगळ्यांनी न वाचता अप्रूव्ह करावं, तसं. एकमत म्हणजे पवित्र आत्म्याचं मार्गदर्शन असं आम्ही धरून चाललो. खोलीत एकच माणूस असा होता ज्याचं आयुष्य त्या एकमतात बसत नव्हतं, आणि तोच गप्प होता.

यहूदी परंपरेत जोडीने शास्त्र अभ्यासतात. तालमूदमध्ये रब्बी योहानान आणि रेश लाकीश यांची गोष्ट आहे. रेश लाकीश आधी लुटारू होता, मग मोठा विद्वान झाला. एका वादात योहानानने त्याचं जुनं आयुष्य काढून त्याला टोमणा मारला. दोघांत अंतर पडलं आणि रेश लाकीश वारला. योहानानला दुसरा सोबती दिला, तर तो प्रत्येक मुद्द्याला आधार शोधून द्यायचा. योहानान हळहळला, की रेश लाकीश माझ्या एकेका वाक्यावर चोवीस हरकती काढायचा आणि त्यातून समज वाढायची. मी बरोबर आहे हे सांगायला मला माणूस कशाला हवा? तो कपडे फाडत मित्राला हाका मारत फिरला. ज्याच्या हरकतीने शास्त्र उघडत होतं, त्यालाच त्याच्या शब्दाने घालवलं होतं.

कोणी म्हणेल, मग काय, ज्याला जसा वाटेल तसा देव? तसं नाही. बिरुयातल्या लोकांचं कौतुक प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये आहे, कारण खुद्द पौल बोलत असतानाही ते रोज शास्त्र उघडून तपासत होते. देव कसा आहे यावर गट मतदान करत नाही. गटाने एकमेकांना परत परत वचनाकडे न्यायचं असतं, विशेषतः ज्या वचनाला आपण टाळतो त्याकडे. आणि टाळलेलं वचन बहुतेक वेळा त्यालाच दिसतं ज्याला लागलंय.

पुढे काय झालं

काकू आणि माझी बायको ताईंकडे गेल्या. बायबल नेलं नाही, डबा नेला. मी दोन आठवड्यांनी गेलो आणि माफी मागितली. ताई म्हणाल्या, "तू वाईट हेतूने बोलला नाहीस रे. पण तुला माझ्याबरोबर गप्प बसवेना." याला उत्तर नव्हतं.

चार महिन्यांनी ताई आल्या. म्हणाल्या, आज मी सांगते ते वाचायचं, स्तोत्र ८८. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर सवयीने एकाने पान उलटलं. ताई म्हणाल्या, "इथेच थांबा. ८९ आज नको." आम्ही थांबलो. बराच वेळ. फ्रिजचा आवाज येत होता.

मग शेवटची प्रार्थना ताईंनी केली. दोनच वाक्यं होती. त्यात आमची सगळ्यांची नावं होती.

ईयोब ४२:८ परत वाचा. परमेश्वर मित्रांना हाकलून देत नाही. तो त्यांना ईयोबाकडेच पाठवतो आणि सांगतो, की तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल. ज्याला त्यांनी दुखावलं त्याच्याच प्रार्थनेने ते वाचतात.

ताईंना 'का' याचं उत्तर मिळालेलं नाही. मलाही नाही. पण प्रोग्रामसारख्या देवाला मी आता प्रार्थना करत नाही. असं अंधारातलं स्तोत्र स्वतःच्या पुस्तकात राहू देणारा देव माझ्या ओळखीचा होतोय, आणि ही ओळख मला एकट्याला झाली नसती. म्हणून मी दर शुक्रवारी जातो, जरा भीत भीत.

आज स्वतःला विचारा: माझ्या गटात असा कोण आहे, जो हल्ली बोलायचा बंद झालाय? आज त्याला वचन फॉरवर्ड करू नका. फोन करा, आणि ऐका.

प्रार्थना: हे प्रभू, तुझ्याविषयी बोलताना आम्ही तुझ्याशी बोलायचं विसरतो, क्षमा कर. आमच्या शब्दांनी जे दुखावले त्यांच्याकडे जायचं धैर्य दे. जिथे उत्तर नाही तिथे गप्प बसायची कृपा दे. येशूच्या नावाने, आमेन.

उद्यापासून स्तोत्रसंहिता. भेटूया.