अंगण कोणाचे वाकडे?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला उद्देशून वापरतो. परंतु ज्याने अंगण स्वतःच्या हातांनी सारवले, त्याने दोष कोणाला द्यावा? हा प्रश्न आम्हांस एका आकड्यांच्या कळफलकाने घातला.

मंडळाच्या वर्गणीचा हिशेब संगणकावर उतरविताना ५०० रुपयांचे ५५०० झाले. जमा रकमेशी मेळ बसेना. वर्गणी गोळा करणाऱ्या वृद्ध सद्गृहस्थांकडे आम्ही आठ दिवस संशयाने पाहिले. अखेर उमगले, की जुन्या फलकावरील पाचाची कळ एका दाबात दोनदा उमटत होती. आम्ही त्यांची क्षमा मागितली. पण ‘यंत्राची चूक’ म्हणून मनाची समजूतही घातली.

मग स्वतःच फलक करावयास घेतला. १७ यांत्रिक कळा, ५ आडव्या व ४ उभ्या तारांचे जाळे आणि एक लहानसा मायक्रोकंट्रोलर. प्रत्येक कळीशी एक डायोड डाखावा लागतो. तो नसेल, तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्यास न दाबलेल्या चौथीचीही नोंद होते. तीन खऱ्या साक्षी मिळून एका निरपराधाला गोवतात!

फर्मवेअर आम्ही क्यूएमके या मुक्त प्रकल्पातून घेऊन आपल्या सोयीने बदलले. धातूला धातू भेटताना क्षणभर थरथर होते. एक स्पर्श अनेक भासतो. म्हणून निवाड्यापूर्वी थोडे थांबावे लागते. क्यूएमकेत ही मुदत मुळात ५ मिलिसेकंदांची असते. वेगाच्या हौसेने आम्ही ती शून्य केली, आणि पुन्हा पाचाचे पंचावन्न झाले.

या खेपेस संशय घ्यावयास कोणी उरले नव्हते. कळ आमची, तार आमची, न थांबण्याचा निर्णयही आमचाच. बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूसाठी इतके श्रम कशाला, असे स्नेही विचारतात. आमचे उत्तर असे, की विकतच्या साधनाबरोबर एक सबबही मिळते. घरी घडविलेल्यात ती मिळत नाही.

अर्थात प्रत्येकाने प्रत्येक साधन घडवावे, हे शक्य नाही. तशी गरजही नाही. जुनी कळ बिघडली, हा दोष कळीचा होता. पण आकडा पुन्हा न तपासता माणसावर संशय घेतला, तो दोष तेव्हाही आमचाच होता. हे कळण्यासाठी मात्र आम्हांस स्वतःचे अंगण सारवावे लागले.

मुदत आता पूर्ववत केली आहे. परवा ते सद्गृहस्थ आले, तेव्हा फलक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ५०० हा आकडा दाबला, पडद्याकडे पाहिले, पावतीपुस्तकाशी ताडून घेतला, आणि मगच मान हलविली.