उलट नोंद

चालणाऱ्या वस्तूला हात लावू नये, हे मला आयुष्यात अनेकदा समजले आहे. पण दर वेळी हात लावून झाल्यावर.

या खेपेची वस्तू म्हणजे वडिलांनी 1993 च्या दिवाळीत बोनसमधून आणलेला टीव्हीवरचा व्हिडिओ गेम. जपानात 'फॅमिकॉम' 1983 साली आला; आमच्याकडे दहा वर्षांनी आला तो त्याचा बेनामी मावसभाऊ. खोक्यावर कंपनीचे नावच नव्हते. कॅसेटवर मात्र '9999999 इन 1' असे ठळक छापलेले. प्रत्यक्षात खेळ मोजून बावीस. इतका फुगवलेला ताळेबंद मी पुढे बँकेतसुद्धा पाहिला नाही.

दिवाळीला नागपूरहून दादा येणार, म्हणून तो माळ्यावरून खाली काढला. आणि चालू झाला की हो! मारिओ धावला, पण मुंग्यांतून. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही हे बघायचात?" ते 'बघायचात' बोचले. वास्तविक दोष खेळाचा नव्हता. हे यंत्र चित्र अँटेनाच्या वाटेने पाठवते. आतल्या पत्र्याच्या डबीत चित्र आणि आवाज लहरीवर चढवायचे, टीव्हीने ते पुन्हा उतरवून घ्यायचे. या चढउतारात मुंग्या लागतात. डबीच्या अलीकडेच चित्र गाठावे, एका ट्रान्झिस्टरने त्याला जरा जोर द्यावा आणि पिवळ्या सॉकेटातून बाहेर काढावे, की झाले. यूट्यूबवरच्या माणसाने हे बारा मिनिटांत केले. मी रविवारी सकाळी नऊला बसलो. दुपारी चारला पडदा काळा. मुंग्यासुद्धा गेल्या.

तेरीज जुळेना, की शेवटच्या नोंदीपासून मागे जायचे, ही आमची रीत. आधी कॅसेट पाहिली. लहानपणी आम्ही तिला फुंकर मारीत असू. गुण फुंकरीचा नव्हता, काढून पुन्हा बसवण्याचा होता. फुंकरीतला ओलावा तिच्या दातांना उलट मारकच, हे ज्ञान मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाले. (नवस-सायासांचेही असेच असेल का, हा प्रश्न मी सौ.समोर काढला नाही.) मग मीटर घेतला. एलिमिनेटरचे नऊ व्होल्ट ठीक. पुढे 7805 नावाचा तीन पायांचा तुकडा असतो. मागून नऊ येवोत की बारा, पुढे पाचच सोडायचे, असा कडक रोखपाल. तो दीडच सोडत होता आणि बोट पोळेल इतका तापला होता. म्हणजे पुढे कुठेतरी गळती! भिंगातून पाहिले. मीच दिलेल्या डागाचा एक थेंब ओघळून पाच व्होल्टची वाट थेट अर्थला जोडून बसला होता.

थेंब काढला, माझी सगळी सुधारणा उपटून टाकली आणि मुंग्या परत आल्या. मुंग्यांकडे इतक्या प्रेमाने मी कधी पाहिले नव्हते.

झाकण लावताना त्याच्या आतल्या बाजूला एक चिकटवलेली चिठ्ठी दिसली. अक्षर वडिलांचे. "एलिमिनेटरचे टोक उलटे लावले. चूक माझी. भाग बदलून घेतला. 17-5-94." खाली आद्याक्षरे.

वडील कोषागारात कारकून. दुधाच्या कॅलेंडरवर खाडाखोड झाली तरी शेजारी सही करीत. पण त्या मे महिन्यात खेळ आठ दिवस बंद होता, तेव्हा "सहा-सहा तास खेळून जाळलास" म्हणून माझ्या गालावर दोन नोंदी पडल्या होत्या. कबुली, दुरुस्ती, तारीख, सही, सारे चिठ्ठीत होते. फक्त ज्याचे खाते त्याला कळवलेले नव्हते.

चूक निस्तरली, की ती सांगायची गरज उरते का? वस्तू होती तशी झाली, नुकसान शून्य. मग दादाचा सण कशाला नासवा? पाच मिनिटांपूर्वी मी हाच हिशेब करत होतो. वडिलांनीही तोच केला असणार. पण वस्तूचा हिशेब शून्यावर येतो, गालाचा येत नाही. बँकेत चुकलेली नोंद खोडत नाहीत. उलट नोंद करतात. करणारा एक आणि पास करणारा दुसरा. कारण आपली चूक किती लहान होती हे ठरवायला आपण फारच उत्सुक असतो. वडिलांची नोंद तीस वर्षे दुसऱ्या सहीसाठी आत पडून होती. शिवाय खेळ उघडायची मला सक्त मनाई, तीही त्यांचीच! रागवावे, तर समोर माणूस नाही. शेवटी पेन घेतले, त्यांच्या सहीशेजारी सही केली आणि खाली माझ्या रविवारची नोंद लिहिली.

दादा वसुबारसेला आला. चहाच्या आधीच म्हटले, "दादा, मी गेम उघडला होता. बिघडवलाही होता. आता चालतोय." आणि झाकण पुढे ठेवले. त्याने चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बाबांनी ते टोक लावलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मी तिथंच बसलो होतो."

मी काहीच बोललो नाही.

"तुला मार पडला, तेव्हाही." मग थोड्या वेळाने, "पेन दे."

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. मी दुसरा कागद आणायला उठलो.