अर्धांगिनीचा अर्धा वाटा

सुरतेच्या कापडबाजारात दर, दलाली आणि उधारीची मुदत ठरल्यावाचून गाठोडे हलत नाही. परंतु त्याच पेढीचा मालक, मुलाच्या विवाहापूर्वी उभयतांच्या मिळकतीचा दस्त करावा असे कोणी सुचविताच, विवाह हा संस्कार आहे, सौदा नव्हे, असे म्हणून कानांवर हात ठेवतो. न्यायालयेही 1872 च्या करार कायद्यातील 23 व्या कलमाचा आधार घेऊन असे दस्त सहसा मानीत नाहीत.

पूर्वसूरी मात्र इतके सोवळे नव्हते. ज्या 'व्यवहारमयूखा'ला गुजरातेत मिताक्षरेहूनही अग्रमान मिळाला, तो मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीस रचला, आणि त्यात स्त्रीधनाची सविस्तर चर्चा आहे. अर्थात् पत्नीच्या पृथक् मिळकतीचा हिशेब मांडल्याने संस्कार बाटतो, असे त्या धर्मशास्त्र्यास वाटले नाही.

तथापि स्त्रीधन म्हणजे संसारातला हिस्सा नव्हे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे 27 वे कलम लग्नप्रसंगी मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतेच बोलते आणि 25 वे पोटगीची तजवीज करते. त्यामुळे खानदेशातून सुरतेच्या लिंबायत भागात येऊन, घरबसल्या साड्यांवर टिकल्या लावून घराचे हप्ते फेडण्यास वर्षानुवर्षे हातभार लावणाऱ्या बाईचे नाव जर खरेदीखतावर नसेल, तर फारकतीच्या वेळी त्या घराचा अर्धा वाटा तिचा, असे कोणतेच कलम आपण होऊन म्हणत नाही.

दक्षिणेस वापी ओलांडून दमणला गेले की न्याय पालटतो. तेथील मूळ रहिवाशांना लागू असलेल्या 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेप्रमाणे, विवाहापूर्वी रीतसर दस्त झाला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते व विभक्त होताना निम्मी निम्मी वाटली जाते. (कारभार मात्र त्या संहितेने नवऱ्याकडेच ठेवला, तिलाही काळाचा डाग आहेच.) म्हणजे तेथे करारास बसणाऱ्या वधूच्या हाती आधीच निम्मे असते, आणि त्यातले काय सोडावे यावर ती घासाघीस करू शकते.

सुरतेत उद्या नुसते करारच कायदेशीर केले, तर जिच्या पदरी मुळात काहीच नाही तिने कशाच्या बळावर घासाघीस करावी? मसुदा पेढीच्या वकिलाचा आणि सही तिची, एवढेच होईल. म्हणून संसदेने प्रथम हक्काचा वाटा द्यावा, मग करारास मोकळीक. आणि तोवर मुलीच्या वडिलांनी लग्नातील मानपानाइतकाच आग्रह नव्या घराच्या खरेदीखतावर दोघांची नावे घालण्याविषयी धरावा.